चष्मेवाल्याचं मत

चष्मेवाल्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं, फक्त घरातल्या गोष्टींवर नव्हतं. त्याच्या बायकोची सव्वीस वर्षांची तक्रार एवढीच, आणि ऐकणारा असो नसो, ती बोलून दाखवायची.

दुकानात तो दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत विचारायचा, "हे बरं की हे?" आपण होऊन काही सांगायचं नाही, समोरच्याकडून काढून घ्यायचं, हा धंद्याचा नियम. भल्या माणसाने तो घरीही लावला. पडदे कुठले घेऊ? "तुला कुठले बरे वाटतात?" भाजीत मीठ जास्त झालंय का? "तुला काय वाटतं?"

"अहो, मी जेवायला वाढतेय, डोळे तपासून घ्यायला नाही बसले!" बायको करवादायची.

आणि हाच माणूस जेवण आटोपलं की सोफ्यावर फोन घेऊन बसायचा आणि असा सुटायचा की विचारू नका. नवे चित्रपट आणि गाण्यांचे अल्बम यांवर मतं लिहायचं त्याचं एक पान होतं. चार हजार लोक ते वाचायचे. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत तीनदा ऐकायचा, मध्ये दारावरची घंटा वाजली तरी उठायचं नाही, आणि मगच लिहायचं. चौथ्या गाण्यात ढोलक उशिरा का आला, यावर तीन परिच्छेद. नायिकेने दार लावताना मागे वळून बघायला नको होतं, यावर पाच. खाली अनोळखी माणसं हमरीतुमरीवर यायची, त्यांनाही हा एकेकाला गाठून उत्तरं द्यायचा. नुसत्या लष्कराच्या भाकऱ्या भाजणं!

एवढंही तिने चालवून घेतलं असतं. पण मुलीच्या बाबतीतही त्याने तेच केलं, आणि तिथे मात्र तिची सहनशक्ती संपली.

मुलीला दूरच्या शहरात नोकरी मिळाली होती. पूल बांधणारी कंपनी, काम तिला हवं तसंच. शुक्रवारी हो की नाही ते कळवायचं होतं. मंगळवारी तिने बाबांना विचारलं. "तुला काय वाटतं?" बुधवारी पुन्हा विचारलं. "दोन्ही बाजू बघ." गुरुवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, मी नाही म्हणून कळवते. मी गेले काय नि राहिले काय, बाबांना सारखंच आहे. रागावले असतील तर तेही सांगत नाहीत. असं अधांतरी सोडून माझा पाय नाही निघणार."

बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडून काही होणार नव्हतं, त्यावरही त्याने तिलाच विचारलं असतं. तिने ओले हात पुसले, फोन घेतला, 'एक श्रोती' या नावाने खातं उघडलं आणि त्याने कालच लिहिलेल्या एका मताखाली टाइप केलं: "तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या गाण्यातला बाप मुलीला निरोप देताना गप्प राहतो. आमच्याकडे तसाच एक आहे. मुलीला उद्या नोकरीचं कळवायचंय. हा जा म्हणत नाही, नको म्हणत नाही. काय करावं अशा बापाचं?"

बाहेर सोफ्यावर फोन वाजला. त्याने वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि लिहायला लागला. वीस मिनिटं त्याने मान वर केली नाही. ती दाराआडून बघत होती.

उत्तर आलं. "बाई, गाण्यातल्या बापाला तीनच मिनिटं गप्प बसायचं असतं. तुमच्या यजमानांना ती जायला नको आहे. तिच्याशिवाय घर खायला उठेल, याची त्यांना भीती वाटते. पण तिने जावं हेही त्यांना कळतं, एवढी हुशार मुलगी इथे कुजत राहील. नको म्हटलं तर ती राहील, आणि जा म्हटलं तर खरंच जाईल. म्हणून दातखीळ बसली आहे. तिला सांगा, बाप भित्रा आहे, पण निगरगट्ट नाही. तिने जावं."

वाचताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी ओट्यावरचं पातेलं त्याच्या दिशेने भिरकावावं असंही वाटलं. तिने फोन मुलीपुढे धरला. मुलीने दोनदा वाचलं, बाहेर जाऊन ती बाबांसमोर उभी राहिली आणि मोठ्याने वाचू लागली. दुसऱ्या वाक्यालाच त्याचा चेहरा पडला.

"अगं, ते... ते त्या बाईंसाठी होतं."

"ती बाई मीच," बायको म्हणाली.

"मग सरळ विचारायचं ना मला!"

"तीन दिवस दुसरं काय करतोय आम्ही?" मायलेकी एकदमच ओरडल्या.

त्याने पुन्हा आपल्या फोनकडे पाहिलं. मुलीने तो त्याच्या हातातून काढून टेबलावर पालथा ठेवला.

"आता तोंडाने सांगा, बाबा. चार हजार लोकांसोबत नाही ऐकायचं मला."

"तुला काय..." त्याने सुरुवात केली, बायकोकडे नजर गेली आणि उरलेलं गिळलं. मग त्याने मुलीचं मनगट धरलं.

"मला करमणार नाही," तो म्हणाला. "अजिबात करमणार नाही. ये जाऊन."