मोठ्याने सांगा

१ एप्रिल २००९ रोजी माझ्या धाकट्या बहिणीने गल्लीतल्या पाळणाघराची महिन्याची फी, तीनशे रुपये, आगाऊ भरली. ती तेव्हा नर्सिंग शिकत होती. सातव्या दिवशी सकाळी तिच्या वर्षाच्या मुलाला जुलाब लागले आणि घरीच झटका आला. पाळणाघरवाल्या बाईंना हे कळताच त्यांनी दारातूनच सांगितलं, "मिरगीचं पोर आम्ही ठेवत नाही."

डॉक्टर म्हणाले, जुलाबाच्या रोटाव्हायरसने काही बाळांना असा झटका येतो, ही मिरगी नव्हे. बहिणीने बाईंना परोपरीने समजावलं. तरी गल्लीत पोराचं नाव 'मिरगीवाला' पडलं. शाळेतही त्याच्या बाकावर कुणी बसेना. बहिणीने तो राग जपून ठेवला.

आता ती नर्स आहे. गेल्या आठवड्यात मी तिला डबा द्यायला तिच्या लसीकरण केंद्रावर गेलो, तर त्याच बाई दीड महिन्याचा नातू घेऊन रांगेत. बहिणीने बाळाच्या तोंडात हलक्या हाताने लस सोडली.

"ही जुलाबाची ना गं?"

"हो मावशी. त्यासोबतचे झटकेही कमी होतात. आमच्या मिरगीवाल्याला आला होता ना, तसले."

बाई नातवाचं तोंड पुसू लागल्या.

"त्याला मिरगी होती का हो?" बहिणीने विचारलं.

"नव्हती गं."

"मोठ्याने सांगा. मागे ऐकू येत नाही."

बाईंनी सगळ्या रांगेसमोर मोठ्याने सांगितलं. माझ्या काळजाला थंडावा मिळाला.

मुलगा पाळणाघरात सहाच दिवस होता. उरलेल्या चोवीस दिवसांचे दोनशे चाळीस रुपये बाईंकडून अजून यायचे आहेत.