रांजणवाल्यांची काच

रांजणवाले दगडाला आंघोळ घातल्याशिवाय त्याचा फोटो काढत नसत. माथेरानच्या डोंगरातून उतरताना गाढी नदीने कातळात रांजणासारखे खळगे कोरले आहेत; आमच्या या फोटोग्राफरांना रांजणवाले हे नाव त्यावरूनच पडले. पावसाळा सरला की ते तिथे तांब्याने कातळ भिजवत आणि ऊन खळग्यात उतरेपर्यंत बिडी ओढत बसत.

“अवो, दगड हाय तो, पलून नाय जायाचा,” म्हशी धुणारा एक गाववाला म्हणाला.

“ऊन जातंय ना,” रांजणवाले म्हणाले.

पनवेलच्या बाजारात त्यांचा स्टुडिओ होता. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवार देवाचा, रविवार नदीचा. गिऱ्हाइकाने उरलेल्या दिवसांत लग्न ठरवावे. इतर स्टुडिओंच्या दर्शनी काचेत नवऱ्यामुली असत, यांच्या काचेत दगड.

माझा कॅमेरा जर्मन होता. त्यांच्या कॅमेऱ्याच्या भात्याला ठिगळ होते. एकाच खळग्याचे, एकाच उन्हात आम्ही फोटो काढले. त्यांच्या फोटोत पाणी नुकतेच वळून गेल्यासारखे वाटे. माझा फोटो पंचनाम्याला जोडण्याजोगा. तो त्यांनी बराच वेळ पाहिला. “फोकस चोख आहे, मास्तर. दगड तेवढा कंटाळलाय.” यात खवचटपणा असता तर मला रात्री झोप लागली असती.

हिने त्यांचा फोटो बाहेरच्या खोलीत लावला. माझे ट्रंकेत सुरक्षित राहिले. त्या काचेत आपला एक तरी फोटो लागावा, एवढेच मला हवे होते. दर दिवाळीला मी एक नेऊन देई. “राहू द्या, बघू,” ते म्हणत आणि चहा मागवत. चहा मात्र उत्तम असे.

साठ सालाच्या सुमाराला त्यांच्या मुलांनी इस्रायलला जायचे ठरवले. निरोप घ्यायला गेलो, तर काचेत एकटा माझा फोटो.

“माझे सगळे पेटीत भरले,” ते म्हणाले. “काच रिकामी बरी दिसेना.” मग माझा हात धरून म्हणाले, “अधूनमधून जात जा तिकडे. तांब्या विसरू नका.”

ते गेल्यावर नवा भाडेकरू येईपर्यंत फोटो तिथेच होता. एकदा बाजारातून येताना ही काचेपाशी थांबली.

“जाता जाता काय फोटो काढलाय रांजणवाल्यांनी,” ती म्हणाली. “शिका जरा.”

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. माझ्या फोटोचे घरात झालेले ते पहिलेच कौतुक होते, आणि तेही त्यांनीच नेले.