हळदीतलं रेगेटॉन

मुलाखत घ्यायला येणारी मुलं हमखास विचारतात, "तुमचे गुरू कोण?" मी रेगेटॉनच्या, म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या नाचगाण्यांच्या, तालावर अहिराणीत रॅप करतो, तेव्हा गुरू सातासमुद्रापारचाच असणार, अशी त्यांची समजूत. मीही पूर्वी ऐटीत परदेशी नावं फेकायचो. खरं तर मला घडवलं ते कळवणच्या एका हळदीनं.

नाशकात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो, तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या फोनवर पहिल्यांदा रेगेटॉन ऐकलं. भाषेचं अक्षर कळेना, पण पाय हलायला लागला. ही थाप ओळखीची होती. आमच्याकडे हळदीला बायका परात उपडी घालून अगदी अशीच वाजवतात. त्या दिवशी तो फोन दुरुस्त व्हायला फार वेळ लागला. भराभर बोलायचं मात्र मी लासलगावच्या बाजारात शिकलो. मामाबरोबर कांदा घेऊन जायचो आणि लिलाव पुकारणाऱ्याचं तोंड बघत बसायचो. तो माणूस श्वास कधी घेतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

दोन वर्षं गाणी केली. ती ऐकली मी आणि माझ्या दोन मित्रांनी. शेवटी वडिलांनी सातपूरच्या एका कंपनीत शब्द टाकला. सोमवारपासून रुजू व्हायचं, गाण्याचं खूळ बंद. त्याच्या आदल्या शनिवारी चुलत भावाची हळद होती. म्हटलं, शेवटचं एकदा गाऊन घेऊ.

लग्न एकाच लॉन्सवर, त्यामुळे दोन्हीकडची हळदही एकत्र. दुपारी मी काळा गॉगल लावून माईक घेतला आणि सुरू झालो: मी गोदाकाठचा वाघ, मी असा, मी तसा. कडव्यामागून कडवं स्वतःचीच आरती. बायकांनी परात वाजवायची थांबवली. एक काकू तर लाडू खाता खाता थांबली. हळदीत समोरच्या पक्षाची थट्टा करायची असते, एवढी साधी गोष्ट मी गाढवासारखा विसरलो होतो. कोपऱ्यात वडील खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात नवरीची आत्या उठली. जाडजूड बाई, कपाळावर चष्मा. तिनं माझ्या हातातून माईक काढून घेतला, परातवालीला खूण केली आणि माझ्याच तालावर सुरू झाली:

"कोण शे हाऊ पोऱ्या, गॉगल घालीसन नाचस,
मायना हातनी भाकर खास, नि सोताले वाघ म्हणस!"

मांडवात हशा फुटला. हसून हसून लोक खुर्च्यांवरून घसरले. आता माझीही जीभ सुटली:

"नवरीनी आत्या, चष्मा कपायवर,
नि चष्मा धुंडी राहयनी घरभर!"

मग काय, जुंपली. ती एक म्हणे, मी दोन म्हणे. पोरांनी माझी थाप स्पीकरवर मोठी केली, परात तिच्यात मिसळली आणि दोन वर्षं जे गाणं मी खोलीत बसून शोधत होतो, ते त्या मांडवात आपोआप तयार झालं. इतका आनंद मला त्याआधी कधीच झाला नव्हता.

आत्या एवढ्यावर थांबणारी नव्हती. माझ्या नोकरीची बातमी वडिलांनी सकाळपासून मांडवभर सांगितली होती. तिनं मोर्चा त्यांच्याकडे वळवला:

"नवरदेवना काका, कोट घालीसन उना,
पोऱ्याले धाडस कंपनीमा, सोता कोपरामा बठना!"

आमच्याकडे ज्याच्यावर गाणं निघतं त्यानं रुसायचं नाही. उठून दोन पावलं नाचायचं, ही रीत. वडिलांना कधी कुणी नाचताना पाहिलं नव्हतं. ते उठले, कोटाची बटणं लावली आणि दोन्ही हात वर करून निघाले. दोन पावलांवर सुटका होती, पण थांबले नाहीत. तीन गाणी नाचले. आईनं तोंडाला पदर लावला होता, हसत होती की रडत होती कोण जाणे.

वडील धापा टाकत माझ्याजवळ आले. घटाघटा पाणी प्यायले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सोमवारले कंपनीमा जाऊ नको. मी सांगस त्यास्ले."

मी भर मांडवात त्यांना मिठी मारली.