मामांच्या दोन टिचक्या

कोणतीही वस्तू हातात आली की मामा आधी तिला दोन टिचक्या मारून ऐकायचे. मग म्हणायचे, "बराबर हाय." गाडगं असो, कलिंगड असो, की माझा नवा चष्मा असो!

मामा परतूर स्टेशनचे चावीवाले; सगळेच त्यांना मामा म्हणायचे. रोज सकाळी हातोडा घेऊन मैलोन्‌मैल रूळ तपासायचे, रूळ जखडून धरणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या की ठोकायचे. मी तिथेच तिकीटबाबू होतो. तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. काम रेल्वेचं, जीव भलतीकडेच.

बहात्तरच्या दुष्काळात दुधना नदीचा डोह आटला आणि कासवं पाण्याच्या शोधात निघाली. रुळांच्या मध्ये अडकायची. उन्हात भाजायची, नाहीतर गाडीखाली जायची. मामा त्यांना गोणपाटात घालून आणायचे. बहुतेक मरायचीच. मामा दरवेळी नव्यानं खचायचे.

एक मादी तेवढी टिकली. ताटाएवढी, पाठ तडकलेली. पुलाखालच्या मधाच्या पोळ्याचं मेण वितळवून त्यांनी ती सांधली. अर्ध्या पिंपात ठेवली. स्टेशनला पाणी टँकरचं, मोजून मिळायचं. स्टेशनमास्तर चिडले, "माणसं तहानलीत अन् तुम्ही कासवं पोसताय?"

"माझ्या आंघोळीचं हाय, साहेब," मामा म्हणाले. त्या तीन महिन्यांत मामांच्या जवळ बसणं अवघड होतं, हेही खरं.

जखम भरली. रुळाखालच्या खराब स्लीपरला करतात तशी पांढऱ्या रंगाची खूण त्यांनी तिच्या पाठीवर केली. "परत दिसली तर वळखू येईल, बाबू." रुळापल्याडच्या दगडखाणीत थोडं पाणी उरलं होतं. तिथे तिला सोडून आले, तेव्हा मामा चक्क गुणगुणत होते.

नवव्या दिवशी ते गोणपाट घेऊन माझ्या खिडकीशी आले. आत पांढरी खूण होती. त्यांनी दोन टिचक्या मारल्या, कान लावला. पुन्हा मारल्या.

"डोहाकडं चालल्ती," ते म्हणाले. "मीच तिला रुळापल्याड नेलं, बाबू. डोह आटला हे मला ठाऊक. तिला कुठं ठाऊक?"

आम्ही दोघांनी तिला कोरड्या डोहातच पुरलं. त्यानंतर मामांनी पिंप पालथं घातलं, आणि टिचक्या मारणंही सोडलं.

मामांची बदली झाली. पुढल्या वर्षी डोह भरला. मी चार-पाच संध्याकाळी काठावर बसून पाहिलं. पाण्यावर एकही डोकं आलं नाही.

त्याच सुमारास कुणाकडून तरी लिहून घेतलेलं मामांचं कार्ड आलं. मजकूर एकच ओळ : "बाबू, डोहात कुणी दिसतं का?"

खोटं लिहवेना, खरं लिहवेना. आज लिहीन, उद्या लिहीन करता करता मामा गेल्याचीच बातमी आली. कार्ड माझ्याकडे आहे. उत्तर अजून लिहिलेलं नाही.