न चढलेली टाकी

टाकीवर मी चढलोच नाही. माझी चूक एवढीच, आणि ती दीड वर्ष मी कोणालाही सांगितली नाही.

हिंगणीकडच्या एका गावात आम्ही गाईंच्या गळ्यात पट्टे बांधले होते. जंगल लागून आहे. जनावर भरकटलं तर सापडावं म्हणून. पट्टा अधूनमधून एक क्षीण संदेश सोडतो. उंचावरची तीन यंत्रं तो ऐकतात आणि कोणत्या यंत्राला किती आधी पोचला, त्यावरून संगणक गाईची जागा काढतो. त्यामुळे यंत्रांची स्वतःची जागा अचूक नोंदवावी लागते. तिसरं यंत्र माणसांनी पाण्याच्या टाकीवर चढवलं, तेव्हा मी सरपंचांच्या ओसरीत चहा पीत होतो. मोबाईलवर तिथलीच जागा नोंदवून मोकळा झालो. टाकी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होती.

पोळ्यानंतर एक गाभण गाय दुपारी कळपातून गेली. गावची गुरं चारणारा म्हातारा गायकी म्हणाला, "साहेब, ते नाल्याकडे गेली असन. चार दिवसापासून तिकडेच ओढ घेऊन राह्यली."

माझ्या मोबाईलवर गाईचा ठिपका टेकडीवर दिसत होता. म्हातारा नाल्याकडे निघालासुद्धा होता. मीच हाक मारली, "काका, फालतू चक्कर नका मारू. इकडे या."

तो मुकाट्याने परत आला. अंधार पडेपर्यंत आम्ही टेकडी पालथी घातली.

सकाळी गाय नाल्याच्या गाळात सापडली, मेलेली. वासरू अर्धं बाहेर आलं होतं.

गाईची मालकीण म्हाताऱ्यावर तुटून पडली. "बुढ्या, तुले मालूम होतं तं गेला काऊन नाई? पाय मोडले होते का तुये?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पट्टा सोडवण्यात गुंतल्यासारखं केलं.

त्या आठवड्यात गावाने गुरं चारायला दुसऱ्याकडे दिली. त्याच सुमारास मला टाकीची चूक सापडली. मी ती गुपचूप दुरुस्त केली आणि अहवालात 'सिग्नल कमजोर' असं लिहिलं.

गेल्या महिन्यात म्हाताऱ्याच्या घरी गेलो. गुरं रानात गेलेली आणि हा घरी, खाटेवर बसलेला. त्याला घेऊन मी गाईच्या मालकिणीच्या दारात गेलो, कारण बोल त्यांनीच लावला होता.

"बाई, काका नाल्याकडेच निघाले होते. मी त्यायले वापस बोलावलं. मशीनची जागा मीच चुकीची टाकली होती." मग त्याच्याकडे वळलो. मान वर होईना. "काका, तुमी बरोबर होते. तुमाले बोलणी बसली तवा मी चूप राह्यलो. मले माफ करा."