जिमखान्याच्या भिंतीवरचे संघ

शेवाळे सरांमुळे मी विद्यापीठाची पायरी चढलो. आमच्या घरात तोवर कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेत आम्हाला खो-खो शिकवणारे सर तरुणपणी याच विद्यापीठाच्या संघात होते. आता ते अंथरुणाला खिळलेत. परवा फोनवर म्हणाले, "अरे, जिमखान्यात आमचा फोटो आहे का अजून? बघून ये ना."

गेलो. भिंतभर जुने संघ टांगलेले. चौकटीवरच्या सालावरून सरांचा संघ सापडला; खाली नावं नव्हती. पण समोरच्या खिडकीतलं ऊन खाऊन सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले होते. मांडीवर ठेवलेले हात तेवढे दिसत होते.

"सगळे जुळे भाऊच झालेत बघा," शिपाई हसला. "सुट्टीत भिंतीला रंग द्यायचाय. तेव्हा उतरवणार."

यांना विसरायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. खिडकीला पडदा लावायचं सुचलं नाही, एवढंच. माणसं बहुधा अशीच पुसली जातात, कुणाचाही राग नसताना.

फोनवर हे बोलवेना, म्हणून पत्र लिहिलं: "आदरणीय सर, फोटो आहे. चेहरे मात्र उन्हानं गेलेत. त्यातले तुम्ही कोण, मला ओळखता आलं नाही. कुठे बसला होतात, आठवत असेल तर कळवा."