आबा वाचणार नाहीत (१४)

आमच्या आबांच्या मरणाची बातमी मी सगळ्यांच्या आधी दिली. आणि दिली ती आबांनाच.

आबा म्हणजे माझे सासरे. कसबा बावड्यात घर, थोडा ऊस, चार म्हशी आणि आयुष्यभर दूध संस्थेचं राजकारण. समोरच्या माणसाचं तोंड ते बघतच नाहीत, मत बघतात. (सासूबाई गेल्या तेव्हा दिवसकार्याला कोण आलं आणि कोण नाही, यावरून त्यांनी पुढच्या निवडणुकीचा अंदाज बांधला होता. तो बरोबर निघाला.)

मी एका कारखान्याच्या भांडारात कामाला आहे. नट, बोल्ट, पट्टे, बेअरिंग. भांडारातल्या बाईला नाव नसलेला डबा बघवत नाही. घरातही माझ्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते. हुपरीला दिलेली आमची नणंद एकदा मिठाच्या डब्यावर 'मीठ' लिहिलेलं बघून म्हणाली होती, "वैनी, आता दादाच्या पाठीवर बी एक चिकटव."

आमची पुस्तकं वाळवीनं खाल्ली. अख्खं कपाट! आमच्या घरात इतकं मन लावून आजवर कुणी वाचलं नव्हतं. म्हणून मग दोन ई-बुक रीडर घेतले. एक माझा, एक आबांचा, कारण त्यांना मोठी अक्षरं लागतात. खातं मात्र एकच. त्यामुळे मी माझ्याकडे काही केलं की ते त्यांच्याकडेही दिसतं. आबा रीडरला 'पाटी' म्हणतात. माझा नवरा त्यांना पुस्तक उघडून देई, ते फक्त पानं उलटत.

पुस्तकं वाढत गेली आणि सगळी एकाच ढिगात. मला ते सहन होईना. एका रविवारी मोबाईल घेऊन बसले, चार कप्पे केले आणि त्यांना साधी, सरळ, कुणालाही कळतील अशी नावं दिली:

मी वाचले (४१)
हे वाचतील (६)
आबा वाचतील (३)
आबा वाचणार नाहीत (१४)

'हे' म्हणजे आमचे हे. कंसातले आकडे रीडर आपणच घालतो, कप्प्यात किती पुस्तकं आहेत ते सांगायला. शेवटच्या कप्प्यात बिनमिठाचा आहार, श्वासाचे व्यायाम, मन शांत कसं ठेवावं असला माल होता. म्हणजे भांडाराच्या भाषेत, पडून राहिलेला साठा. 'वाचणे' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत हे मला शाळेपासून माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं!

थोड्याच दिवसांत आबांच्या छातीत कळ आली. आम्ही त्यांना "गॅस" म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर नेऊन सांगितलं, "तीन रक्तवाहिन्या बंद आहेत. बायपास करावी लागेल. फार दिवस काढलेत तर मला करण्यासारखं काही उरणार नाही."

मग आबांना खरं सांगावंच लागलं. "न्हाय," आबा म्हणाले. "छाती फोडून घ्याला मी काय फणस हाय?"

शेवटी भावकी आणि पाहुण्यांच्या मोबाईल ग्रुपवर मतदान घेतलं. ऑपरेशन कोल्हापुरात करायचं की पुण्याला? सतरा जणांनी मतं दिली. कोल्हापूर निवडून आलं. आबांना निकाल दाखवला तर त्यांचा चेहराच उजळला. "मोबाईलवर बी मतदान हुतंय व्हय? मग झालं तर. बहुमताच्या म्होरं मी न्हाय जायाचा." आणि ते दवाखान्यात दाखल झाले.

दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना नवऱ्याचा फोन आला.

"लगेच ये. आबा घरी निघालेत."

"का? कोण काय बोललं?"

"तू बोललीस."

मी रिक्षा करून पोचले. आबा खाटेवर धोतर नेसून, टोपी घालून बसले होते. हातात पाटी. नवऱ्यानं त्यांना पाटी दिली होती, पण पुस्तक उघडून द्यायचं सोडून तो चहाला गेला होता. त्यामुळे समोर कप्प्यांची नावं तशीच. शेजारच्या खाटेवर वारणानगरकडचे एक तात्या होते. साखर कारखान्यातून निवृत्त, एकटे, त्यांचीही बायपासच. पुतण्या त्यांना सोडून परत गेला होता. ते वाकून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं वाचत होते.

"मी वाचले. हे वाचतील. आबा वाचणार नाहीत."

समोरच्या खाटेपाशी बसलेली बाई हळहळली, "आगं बाई! गाडी कुटं उलटली?"

"गाडी न्हवं वो, मतदान हाय ह्ये," तात्या म्हणाले. त्यांनी कारखान्याच्या निवडणुका पाहिलेल्या. "बघा की. आबा वाचतील, तीन. वाचणार न्हाईत, चौदा. एकूण सतरा."

"भावकीचं मतदान सतराच," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. पडलेल्या उमेदवाराचा असतो तसा आवाज होता. "तीन मतं. आरं, डिपॉझिट बी गेलं की माझं."

"आबा," मी म्हटलं, "वाचणार नाहीत म्हणजे वाचणार नाहीत हो!"

"त्येच म्हंतोय मी!"

"तसं नाही. पुस्तकं वाचणार नाहीत! आत चौदा पुस्तकं आहेत. थांबा, उघडून दाखवते."

"पेटी मधीच फोडायची न्हाय!" तात्या ओरडले.

मी फोडली. पहिलंच पुस्तक निघालं ते मृत्युपत्र सोप्या भाषेत कसं करावं याचं! (ते नवऱ्यानं शेताच्या कामासाठी घेतलं होतं. कुठल्या कप्प्यात घालावं ते न कळून मी तिथे टाकलं होतं.)

आबांनी ते शांतपणे बघितलं. "मतासंगं कारणं बी जोडल्यात," ते तात्यांना म्हणाले.

माझा संयम संपला. "आबा, मला तुम्हाला मारायचंच असतं तर पंचवीस वर्षं तुमचं ताट माझ्याच हातात आहे!"

"म्हणूनच काळीज बिघडलं आसंल."

एवढ्यात एक तरुण डॉक्टर संमतीचा कागद घेऊन आले आणि त्यांनी, देव त्यांचं भलं करो, नेमका तोच शब्द उच्चारला. "आजोबा, वाचून सही करा."

"आदी वाचतो," आबा म्हणाले, "मग सही करतो."

त्यांना अजून एक आशा होती, धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका. ते गावाकडे असतात. आबांनी फोन लावला आणि काही प्रस्तावना न करता विचारलं, "तू कुटल्या बाजूनं हाईस?"

काकांना वाटलं, दूध संस्थेचं विचारतायत. त्यांचा आवाज फोनबाहेर खणखणीत आला. "आबा, वाईट वाटून घ्यू नगंस. पर ह्या बारीला जुनी माणसं घालवायचीच, आसं आमचं समद्यांचं ठरलंय!"

आबांनी फोन ठेवला. टोपी काढली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी काकांना परत फोन करून सगळं सांगितलं, काकांनी आबांना फोन केला, आबांनी उचलला नाही. नणंद हुपरीहून आली. "आबा, मी तुमच्याच बाजूनं हाय," म्हणाली. आबा भिंतीलाच म्हणाले, "निकाल लागल्यावर समदीच तसं म्हंत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांना ऑपरेशनला नेलं. जाताना त्यांनी आबांना हात केला. "येतो पावणं. तुमच्यामागं तीन तरी हाईत. माझ्या घरात मतदारच न्हाय."

सगळे हसले. आबाही हसले.

दुपारी वॉर्डबॉय आला. त्यानं तात्यांच्या खाटेवरची चादर बदलली आणि खालच्या चपला एका पिशवीत घातल्या.

आबांनी जेवणाला हात लावला नाही. संध्याकाळी डॉक्टर मला म्हणाले, "उद्या सकाळची वेळ धरून ठेवलीय. नसेल करायचं तर घेऊन जा. पण मग घरी तयारी ठेवा."

मी आत जाऊन पुन्हा सगळं समजावलं. नवऱ्यानं समजावलं. सिस्टरनी समजावलं. आबा एकच म्हणत राहिले, "माणूस चांगला हुता. त्येच्यामागं कोण न्हवतं, म्हणून गेला. माझ्यामागं तरी कोण हाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खरं समजावण्यात माझी अख्खी दोन दिवसांची मेहनत वाया गेली होती. साठा हलवायला किती वेळ लागतो?

मी आबांना दिसू नये म्हणून जिन्यात गेले. पाटीला दवाखान्याचं वायफाय होतंच. मोबाईल काढला. बिनमिठाचा आहार उचलला आणि 'आबा वाचणार नाहीत' मधून 'आबा वाचतील' मध्ये टाकला. मग श्वासाचे व्यायाम. मग मन शांत कसं ठेवावं. थोड्या वेळानं नवरा धावत आला.

"आबा उठून बसलेत! तिनाचे सहा झाले म्हणतात!"

"त्यांना म्हणावं, मतदार फुटतायत."

मी आत डोकावले. आबा पाटी डोळ्यांजवळ धरून बसले होते आणि प्रत्येक आकड्याला एकेक नाव पुकारत होते. "सात! ह्यो धाकटा. रगात हाय शेवटी. आट! ह्यो मामाच्या गावचा. नऊ! नऊ कोण रं? बहुमत झालं की!"

नऊवर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला काम अर्धं सोडवत नाही. मी साठा हलवत राहिले. पंधराला थांबले. दोन मुद्दाम ठेवली. सतरापैकी सतरा दिसले असते तर त्यांचा विश्वास बसला नसता. आमच्या भावकीत एकमतानं चहासुद्धा होत नाही. स्वतःच्या हुशारीचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं.

"पंधरा, दोन," आबांनी वॉर्डाला जाहीर केलं. मग रिकाम्या खाटेकडे बघितलं. म्हणाले, "आण तो कागूद." आणि सही केली.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा नवरा बाकावर बसून रडत होता. नणंद जप करत होती. मी बेसिनवर जेवणाचे डबे घासले. घासून झाल्यावर परत घासले. त्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मी इथे लिहिणार नाही. विनोदी लेखात ते बसत नाही.

आबा वाचले. (या वाक्याला एकच अर्थ आहे.)

अतिदक्षता विभागात मला आत सोडलं तेव्हा ते नळ्यांच्या जाळ्यात पडून होते, रंग राखेसारखा. ओठ हलले. मी वाकून कान नेला.

"ती दोन कोण?" आबा म्हणाले.

मला वाटलं भूल उतरली की विसरतील. विसरले नाहीत. घरी आल्यावर बिछान्यात पडून त्यांनी भावकीतलं एकेक नाव घेऊन तपासलं, आणि आठवडाभरात निकाल लावला.

"एक हुपरीचा जावई. पैंजणाचा धंदा हाय न्हवं, नुसता वाजतोय. आतनं पोकळ."

"आणि दुसरं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"दुसरी तू."

"आबा! अहो, ती मतं मीच…" आणि मी तोंड मिटलं. पुढे काय सांगणार होते? की पंधराच्या पंधरा बोगस आहेत? डॉक्टरांनी धक्का बसेल असं काहीही बोलू नका म्हणून बजावलं होतं.

"आसू दे," आबा मायेनं म्हणाले. "इरोधात एक माणूस पायजेच. त्येच्याबिगर कारभार नीट चालत न्हाय."

आता त्यांना भेटायला लोक येतात. आबा उशीला टेकून बसतात आणि मी चहा घेऊन आले की माझी ओळख करून देतात. "ही आमची सून. मी मरावं म्हणून मत दिलं हिनं. पर मनानं चांगली हाय. माझ्या गोळ्या बी हीच देती."

पाहुणे माझ्याकडे बघतात, गोळ्यांच्या डबीकडे बघतात, आणि म्हणतात, चहा आत्ताच झालाय.